महासागर ओलांडलेले जहाज धक्क्याला कोण लावतो?

आयात-निर्यातीचा व्यापार करणाऱ्या माणसाला जहाज बंदरात आले याचे समाधान अर्धेच असते. माल धक्क्यावर उतरला, पावती हातात आली, मग तो सुटकेचा श्वास घेतो. आपण मात्र सगळे लक्ष समुद्रातल्या प्रवासावर ठेवतो. वादळ आले का, जहाज उशिरा निघाले का, वाटेत कोठे थांबले का, याची चौकशी करतो. समुद्रातून बाहेर आल्यावर शेवटच्या एक-दोन मैलांत काय घडते, याची विचारपूस फारसे कोणी करत नाही. जहाजाच्या मालकाला आणि कप्तानाला खरी धास्ती याच शेवटच्या टप्प्याची असते. त्यातही जहाज उंच डोलकाठ्यांचे आणि शिडाचे असेल, तर ही धास्ती दुप्पट होते. आज व्यापारी मालाची मोठी वाहतूक शिडाच्या जहाजांतून होत नाही हे खरे. पण अशी जहाजे आजही आहेत, नौदलांची प्रशिक्षण जहाजे म्हणून ती जगभर फिरतात, आणि टगबोटीच्या धंद्याची सुरुवातच या जहाजांच्या गरजेतून झाली. म्हणून हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

या कामाचे शब्दसुद्धा आपल्या परिचयाचे आहेत. बंदर आणि लंगर हे फारसीतून आलेले. नाखुदा म्हणजे नावेचा धनी, त्याचाच आपल्याकडे नाखवा झाला. कच्छ-काठियावाडच्या गलबतांवर दिशा दाखवणाऱ्या माणसाला मालम म्हणत. तो अरबी मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. आज बंदरात जहाजावर चढून वाट दाखवणाऱ्याला पायलट म्हणतात. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या कित्येक घरांतून माणसे जहाजावर सारंग, टंडेल, खलाशी म्हणून गेली आहेत. त्यांना पुढचा मजकूर नवा वाटणार नाही. आम्ही कापडवाले, आम्हांला तो मुद्दाम समजून घ्यावा लागतो.

पहिला प्रश्न असा की, जे जहाज हजारो मैलांचा समुद्र स्वतःच्या बळावर ओलांडते, त्याला शेवटच्या मैलात दुसऱ्याची मदत का लागावी? याचे उत्तर सुकाणूत आहे. सुकाणू म्हणजे पाण्यात उभी धरलेली फळी. तिच्यावरून पाणी जोराने वाहत असेल तरच ती जहाज वळवते. धक्क्याजवळ जहाजाचा वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की सुकाणूचा जोर जातो. म्हणजे ज्या वेळी जहाज हातभर अंतराच्या हिशेबाने वळवायचे असते, नेमके त्याच वेळी त्याचे वळणे बंद होते. शिवाय शेकडो-हजारो टनांचे जहाज थांबवायला हातगाडीसारखा ब्रेक नाही. इंजिन उलटे फिरवले तरी ते बरेच अंतर पुढे सरकत राहते.

शिडाच्या जहाजाची अडचण याहून मोठी. शिडे गुंडाळली म्हणजे वारा लागायचा थांबतो, असा आपला समज असतो. तसे होत नाही. तीन-तीन डोलकाठ्या, त्यांवरच्या आडव्या काठ्या, गुंडाळलेल्या कापडाचे जाड वळे आणि मैलोगणती दोर या सगळ्यांना वारा लागतच असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. उंच सांगाड्यावर चौपट रेटा आणि खाली मंदावलेले सुकाणू, अशा स्थितीत जहाज वारा नेईल तिकडे आडवे सरकू लागते. आजच्या शिडाच्या जहाजांना इंजिन असते, पण ते त्या उंचीच्या मानाने लहान असते. जुन्या जहाजांना तेही नव्हते.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. ‘डक’ नावाचे जाड सुती कापड आपण तंबू, पिशव्या, बूट यांसाठी विकतो. ते शिडांसाठीही वापरले जाई आणि त्याचे नाव डच भाषेतल्या कापड या अर्थाच्या शब्दावरून आले. त्याला नंबर असत, एक नंबर सर्वांत जाड, आणि नंबर वाढेल तसे कापड हलके. आपल्या सुताच्या काउंटसारखेच. ‘कटी सार्क’ या प्रसिद्ध चहावाहू जहाजावर सुमारे ३२ हजार चौरस फूट शीड चढत असे. मालेगाव-भिवंडीच्या विणकर बांधवांनी एवढे जाड कापड डोळ्यांपुढे आणावे आणि ते ओले झाल्यावर त्याचे वजन काय होईल याचा अंदाज करावा. मग अशा जहाजाला अरुंद जागेत हाताळणे म्हणजे काय, ते कळेल.

टग नव्हती तेव्हा काय करत? सरळ वाट पाहत. योग्य वारा आणि योग्य भरती मिळेपर्यंत जहाज नदीच्या तोंडाशी लंगर टाकून दिवसचे दिवस पडून राही. घाई असेल तर लहान होडीतून लंगर पुढे नेऊन टाकायचा, त्याचा दोर जहाजावरच्या फिरत्या रहाटाला गुंडाळायचा आणि वीस-पंचवीस माणसांनी तो रहाट फिरवून जहाज त्या लंगरापर्यंत ओढायचे. तेथे पोहोचले की पुन्हा दुसरा लंगर पुढे. होड्यांत खलाशी बसवून वल्ह्यांनी ओढणे हा दुसरा मार्ग. वाट पाहण्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी, व्याज आणि बाजारभावातली घट व्यापाऱ्याच्या माथी बसे.

वाफेचे इंजिन आले आणि त्याने पहिल्यांदा ओढण्याचे काम चोख केले. १८०३ साली स्कॉटलंडमधील कालव्यात ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीने दोन मालवाहू बार्ज साडेएकोणीस मैल ओढून नेल्या. पुढे थेम्स, मर्सी अशा नद्यांवर चाकाच्या टगबोटी सर्रास दिसू लागल्या. वाफेवर महासागर ओलांडणे तेव्हा महाग होते, कारण कोळशानेच निम्मे जहाज भरे. त्यामुळे कित्येक वर्षे कामाची वाटणी अशी राहिली की लांबचा समुद्र शिडाने आणि शेवटचे मैल वाफेने. टगचे कप्तान तर इंग्लिश खाडीत पुढे जाऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे राहत. शिडाचे जहाज दिसले की जवळ जाऊन भाव सांगायचा. वारा अनुकूल असला तर जहाजाचा कप्तान हसून नाही म्हणे. वारा पडला की तोच भाव दुपटीवर जाई. बाजार कोठलाही असो, रीत एकच.

या शेवटच्या मैलाने व्यापाराचा हिशेब कसा फिरवला, याचे सर्वांत बोलके उदाहरण १८६६ सालच्या चहाच्या शर्यतीचे आहे. चीनच्या फूचाऊ बंदरातून हंगामाचा पहिला चहा लंडनला आधी पोहोचवणाऱ्या शिडाच्या जहाजाला भाड्याव्यतिरिक्त टनामागे दहा शिलिंग बक्षीस देण्याचा करार होता. करारातले शब्द महत्त्वाचे होते. बक्षीस नव्या चहासह पहिल्याने ‘गोदीत’ शिरणाऱ्या जहाजाला मिळणार होते. इंग्लंडचा किनारा आधी पाहणाऱ्याला त्यात काही नव्हते.

‘एरियल’ या जहाजाने भरणी सर्वांत आधी पूर्ण केली. कप्तान कीय हे नावाजलेले दर्यावर्दी. पण नदीतून बाहेर काढायला त्यांच्या वाट्याला ‘आयलंड क्वीन’ नावाची टग आली आणि तिची ताकद कमी पडली. प्रवाहापुढे तिला जहाज खेचता येईना, तोंडाशी असलेल्या वाळूच्या बांधावरून जाण्याची भरती हुकली आणि एरियल लंगर टाकून बसले. मागून भरलेले ‘फायरी क्रॉस’ चांगल्या मदतीने पुढे निघून गेले. आधी भरणी केल्याचा सगळा फायदा एका कमजोर टगने घालवला. शेवटी ३० मे रोजी एरियल, ‘टेपिंग’ आणि ‘सेरिका’ ही तीन जहाजे एकाच भरतीवर समुद्रात आली. तिन्ही स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या रॉबर्ट स्टील यांच्या एकाच कारखान्यात बांधलेली.

आफ्रिकेला वळसा घालून ९९ दिवसांचा प्रवास झाला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, त्यामुळे तेव्हा दुसरी वाट नव्हती. ६ सप्टेंबरच्या सकाळी डील या ठिकाणी एरियल आणि टेपिंग एकमेकांपासून दहा मिनिटांच्या आत होती, एरियल पुढे. एवढ्या लांब प्रवासानंतर दहा मिनिटांचा फरक! आता दोघांनाही थेम्स नदीतून वर जायला टग घ्यावी लागली. टेपिंगला मिळालेली टग जास्त वेगाची निघाली. ग्रेव्हजेंडपर्यंत टेपिंग सुमारे ५५ मिनिटे पुढे गेले.

यापुढे गोदीच्या दारांचा प्रश्न आला. लंडनच्या गोद्यांना दारे होती, आत पाणी अडवून ठेवलेले. नदीत भरती पुरेशी चढल्याशिवाय ती दारे उघडता येत नसत. आपल्या मुंबईचा इंदिरा डॉक, जो १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झाला, त्यालाही दारांचे प्रवेशद्वार आहे. दोन दारांमधला तो हौद सुमारे २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. दोन टग पुढे-मागे लावून अशा हौदात जहाज सरकवणे म्हणजे गाठीचा मोठा तागा अरुंद खिडकीतून आत घेण्यासारखे. लंडनला त्या रात्री एरियल नऊच्या सुमारास ईस्ट इंडिया डॉकच्या दाराशी आले, पण पाणी पुरेसे नव्हते, दार उघडेना. टेपिंगला नदीत आणखी वर लंडन डॉक्सला जायचे होते. तरी त्याचा तळ पाण्यात कमी खोल होता आणि तेथे दोन दारे होती. बाहेरच्या दारातून जहाज आत घेतले, आतले पाणी सोडून हौद भरला आणि टेपिंग ९ वाजून ४७ मिनिटांनी गोदीत आले. एरियल १० वाजून १५ मिनिटांनी. सेरिका साडेअकराच्या सुमारास वेस्ट इंडिया डॉकमध्ये पोहोचले.

अठ्ठावीस मिनिटांचा हा फरक शिडांच्या कौशल्याचा नव्हता. टग, भरती आणि दार यांचा होता. दोन्ही जहाजांच्या मालकांना भीती पडली की आपण भांडत बसलो तर चहाचे व्यापारी वादाचे निमित्त करून कोणालाच पैसे देणार नाहीत. म्हणून त्यांनी बक्षीस निम्मे-निम्मे वाटून घेतले. माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणात हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा होता. चहाच्या मालकांना मात्र काय मिळाले? इतका चहा एकदम बाजारात आल्याने भाव उतरला. आणि ‘अर्ल किंग’ हे वाफेच्या इंजिनाची जोड असलेले जहाज त्यांच्यानंतर फूचाऊहून निघून सुमारे दोन आठवडे आधीच लंडनला पोहोचले होते.

आता आजच्या पद्धतीकडे वळू. शिडाचे मोठे जहाज बंदरात येते तेव्हा पायलट बाहेरच चढतो. कप्तान आणि पायलट आधी बोलून घेतात. वारा कोणीकडून, प्रवाह कितीचा, पाणी किती खोल, वाटेत पूल असेल तर त्याखाली उंची किती, जहाजाची कोणती बाजू धक्क्याला लागणार, इंजिन उलटे घातल्यावर नाळ कोणत्या बाजूला ओढली जाते, टग किती आणि कोठे बांधायच्या, हे सगळे ठरते. शिडे गुंडाळून बांधतात. आडव्या काठ्या फिरवून जहाजाच्या लांबीशी जितक्या समांतर करता येतील तितक्या करतात. नाहीतर त्यांची टोके धक्क्यावरच्या क्रेनला किंवा गुदामाच्या छपराला अडकतात. नाळेपुढे आलेला लांब दांडा ही वेगळीच अडचण. साध्या मालवाहू जहाजाच्या नाळेखाली टग सहज शिरते. येथे तिला दांड्यापासून आणि त्याच्या साखळदंडांपासून अंग चोरून राहावे लागते. बाजूने ढकलायचे तर टगची स्वतःची डोलकाठी जहाजाच्या आडव्या काठीला लागण्याची भीती. शिवाय ढकलायचे ते जहाजाच्या मजबूत फासळीवर. भलत्या जागी नाक लावले तर पत्रा आत जातो.

साधारण रीत अशी की एक टग पुढून ओढते आणि दुसरी मागे दोर बांधून राहते. मागच्या टगचे काम अजाण माणसाला कळत नाही. ती उलट्या दिशेला का ओढते आहे, असे वाटते. ती जहाजाचा ब्रेक असते आणि सुकाणूही. धक्का जवळ आला की दोन्ही टग बाजूला येऊन हळूहळू रेटतात. आजच्या चांगल्या टगचे पंखे पाण्याखाली सर्व दिशांना फिरतात. त्यामुळे ती पुढे, मागे, आडवी, हवी तशी ओढू शकते. जुन्या एक पंख्याच्या टगला हे जमत नसे.

मग दोर. जहाजावरून आधी टोकाला गाठीचा गोळा असलेली बारीक दोरी धक्क्यावर फेकतात. तिला बांधून जाड दोर ओढून घेतात आणि लोखंडी खुंटाला अडकवतात. सामान्यतः तिरके बांधलेले दोर आधी लावले जातात, कारण त्यांच्यामुळे जहाजाचे पुढे-मागे सरकणे थांबते. नंतर नाळेचा, मागचा आणि सरळ आडवे दोर. ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा त्याच्या वेटोळ्यात कोणी उभे राहायचे नाही, हा कायदा खलाशाला पहिल्या दिवशी शिकवतात. दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो आणि माणूस दगावतो.

टगवाल्यांचा स्वतःचा धोकाही लहान नाही. ओढणारा दोर टगच्या बाजूला आडवा झाला आणि जहाज पुढे सरकत राहिले, तर टग त्याच दोराने कलंडते आणि पाहता पाहता उलटते. म्हणून टगवरच्या आकड्याला चटकन सुटण्याची सोय असते. जहाजावरच्या माणसाने दोर सोडायला उशीर केला तर टगच्या माणसांच्या जिवावर बेतते.

या शेवटच्या मैलाची किंमत काय असू शकते ते १७ मे २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. मेक्सिकोच्या नौदलाचे ‘क्वाउतेमोक’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज, १९८२ साली स्पेनच्या बिल्बाओमध्ये बांधलेले, सद्भावना दौऱ्यावर तेथे आले होते. रात्री सव्वाआठनंतर ते पायलट आणि एका टगच्या मदतीने धक्क्यावरून निघाले. जहाजावर २७७ माणसे होती, आणि मानवंदनेच्या रिवाजाप्रमाणे कितीतरी तरुण छात्र उंच काठ्यांवर उभे होते. ब्रुकलिनचा पूल धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आणि त्याखालची उंची डोलकाठ्यांपेक्षा कमी. जहाजाला त्या बाजूला जायचेच नव्हते. धक्क्यापासून मागे निघून त्याने नदीत वळायचे आणि पुढे समुद्राकडे जायचे. पण अमेरिकेच्या तपास मंडळाच्या प्राथमिक अहवालानुसार, पुढे जाण्याचे हुकूम दिल्यानंतरही जहाज मागेच जात राहिले आणि वेग वाढत जवळजवळ सहा नॉटपर्यंत गेला. टग नाळेच्या बाजूला काम करत होती; मागे धावणाऱ्या जहाजाला तेथून अडवणे तिला शक्य नव्हते. धक्का सोडल्यापासून चार-पाच मिनिटांत तिन्ही डोलकाठ्यांचे शेंडे पुलाला लागून मोडले. दोघांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. दोषाचा निवाडा करणे आपले काम नाही. मात्र मागे दुसरी टग का लागते, हे या चार-पाच मिनिटांनी दाखवून दिले.

आपल्या देशातही अशी जहाजे आहेत. गोवा शिपयार्डने बांधलेले ‘तरंगिणी’ १९९७ मध्ये नौदलात आले आणि २००३-०४ मध्ये जगाची प्रदक्षिणा करून परतले. त्याच गोदीचे ‘सुदर्शिनी’ २०१२ मध्ये दाखल झाले.

पायलट चढला म्हणजे कप्तान मोकळा झाला, असे नाही. जवळजवळ सर्वत्र पायलट हा सल्लागार मानतात, जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते. पनामा कालवा हा प्रसिद्ध अपवाद. टगच्या कराराचेही असेच आहे. ब्रिटिश नमुन्याच्या प्रचलित अटींनुसार ओढण्याच्या काळात टगची माणसे भाड्याने घेणाऱ्याचे नोकर समजली जातात, आणि त्यांच्या हातून चूक झाली तरी बरेचसे नुकसान जहाजमालकाच्या अंगावर येते.

मालाच्या मालकाने येथे एक भेद ओळखावा. ठरलेल्या दराने जहाज धक्क्याला लावणे ही टोइंग, तिचा खर्च जहाजमालकाचा आणि भाड्यात धरलेला. जहाज संकटात सापडले आणि टगने ते वाचवले तर तो बचाव, सॅल्व्हेज. त्याचा मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीवरून ठरतो आणि जहाजाबरोबर मालवाल्यांनाही आपापल्या किमतीच्या प्रमाणात तो भरावा लागतो. यश आले नाही तर सहसा मोबदला नाही. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीचे पाच डोलकाठ्यांचे ‘प्रॉइसन’ हे प्रचंड जहाज चिलीकडे निघाले होते, पियानोसुद्धा भरलेले. इंग्लिश खाडीत ‘ब्रायटन’ या आगबोटीने त्याचा वेग चुकीचा अंदाजला आणि आडवी येऊन धडकली. टग धावून आल्या, डोव्हर बंदर समोर होते, पण वाऱ्यापुढे दोर टिकले नाहीत आणि जहाज कड्याखाली खडकावर चढले. माणसे वाचली, जहाज गेले.

अशा प्रसंगी माल सुखरूप असला तरी मालवाल्याने आपल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय तो सोडत नाहीत. दर्यावरच्या मालाच्या विम्याच्या ए, बी आणि सी या तिन्ही प्रचलित प्रकारांत सॅल्व्हेज आणि जनरल अॅव्हरेजचा वाटा धरलेला असतो. ज्याचा विमा आहे त्याच्यासाठी ही हमी विमा कंपनी लिहून देते. विमा नसलेल्याला रोख अनामत भरावी लागते, आणि हिशेब पुरा व्हायला कित्येकदा वर्षे लागतात.